लेंड्या मोजायचा दिवस

आज कोल्हापुरात दिवसभर पावसाची झड, आणि लक्ष सगळं सशाच्या लेंड्यांवर. तब्येत तिथंच कळते. हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या असल्या की ठीक. बारीक झाल्या, केसात माळेसारख्या ओवलेल्या दिसल्या, की आतडं मंदावतंय. 10-12 तास खाणं आणि लेंडी दोन्ही बंद? मग सकाळची वाट बघायची नाही, थेट डॉक्टर. सशाला उलटी होत नाही, अडकलेलं आतच फुगतं. घरातलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तर तोंडावाटे कधीच द्यायचं नाही, जिवावर बेततं.

बहुतेकदा कारण एकच: गाजर-बिस्किटांचे लाड जास्त, सुकं गवत कमी. दात आयुष्यभर वाढतात, ते गवतानंच झिजतात. पावसाळ्यात गवताला कुबट वास आला की सरळ फेकायचं. आणि उसाचं वाडं म्हशीलाच असू द्या!