चाको गोल्डन नी: पोटाची चीर ते मोल्ट (कात टाकणं)

पाळलेली टॅरंटुला (मोठा केसाळ कोळी), ग्रामोस्टोला पल्क्रिपेस, मादी, पाय पसरून 15 सेंमी. पेटीच्या काचेवरून मातीच्या कुंडीच्या तुकड्यावर पडली. कोकोपीटपासून झाकणापर्यंत 30 सेंमी मोकळी जागा होती. जमिनीवर राहणाऱ्या जातीला पायांच्या पसाऱ्याच्या दीडपट, इथे 22 सेंमी, पुष्कळ झाली.

दिवस 1: पोटावर वरच्या बाजूला 3 मिमी चीर, फिकट निळसर हिमोलिम्फ (कोळ्याचं रक्त) गळतंय. इअरबडच्या टोकाने कॉर्नफ्लॉर दाबलं, घासलं नाही. दुसऱ्या थराला गळती थांबली. नुसता कापूस नको, धागे चिरेत रुततात. तरीही गळत राहिलं असतं तर फेविक्विकचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, पण तो अगदी शेवटचा उपाय: खालची नवी त्वचा चिकटली की पुढचा मोल्ट तिथेच अडकतो. बुक लंग्जच्या (पोटाखालच्या श्वसनाच्या अवयवांच्या) फटींजवळ तर काहीच लावायचं नाही.

तिला वेगळ्या डब्यात हलवलं: डबा बुटका, तळाला कोरडा टिश्यू, बाजूंना भोकं. मुंग्या येतात, म्हणून डबा पाणी भरलेल्या परातीत, वाटीवर ठेवलेला.

दिवस 2: पाय पोटाखाली वळू लागले. कोळ्याचे पाय मिटतात स्नायूंनी, पण ताणले जातात हिमोलिम्फच्या दाबाने. दाब उतरला की असे वळतात. बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन तोंड त्यात टेकवलं, पोट बाहेर, कारण श्वास तिथून. चार तासांत पाय उघडले. ओला टिश्यू घातलेला बंद ‘आयसीयू’ डबा अजूनही सुचवला जातो. उपयोग शून्य. पाणी तोंडानेच प्यायलं जातं, आणि कोंदट ओलाव्यात बुरशी धरते.

दिवस 4: डावा तिसरा पाय पडताना दुखावला होता, तो तिने मुळापासून टाकला. तिथला सांधा आवळला जातो, गळती नाही.

दिवस 21: पहिलं खाणं. झुरळाचं लहान पिल्लू, डोकं ठेचून. जिवंत सोडलं तर तेच जखम कुरतडेल. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढलं.

दिवस 140: खाणं बंद. पोटावरचं टक्कल काळं पडलं, म्हणजे मोल्ट जवळ.

दिवस 163: पाठीवर पडली. हा मोल्ट, हात लावायचा नाही. (सरळ उभी असून पाय आत वळलेले, ते संकट.) चिरेपाशी कातीचा तुकडा अडकला, ओला मऊ ब्रश अधूनमधून टेकवत ठेवल्यावर तासाभरात सुटला. तिसरा पाय परत आला, इतरांहून बारीक आणि आखूड.

दिवस 178: मोल्टनंतरचे पांढरे फँग (विषदंत) पूर्ण काळे, खाणं सुरू. कोकोपीटचा थर वाढवला, झाकण आता 20 सेंमीवर. कुंडीचा तुकडा काढला, लपायला नारळाची करवंटी अर्धी पुरून ठेवली.