सोलापूरचे टॉवेल घेऊन बार्बाडोसला

मे महिन्यात आठ दिवस बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाऊनला जाऊन आलो, आमचे टॉवेल तिथल्या हॉटेलांना विकता येतात का बघायला. कोणी जाणार असेल तर त्याच्यासाठी लिहितोय.

बार्बाडोसला आपल्या पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, पण लगेच खूश होऊ नका, विमानं बहुतेक लंडन नाहीतर मायामीवरून, आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं तरी व्हिसा लागतो, लंडनलाही आपल्या पासपोर्टवर बहुतेक वेळा ट्रान्झिट व्हिसा लागतोच. मी लंडनवरून गेलो.

पैशाचा हिशोब सोपा, १९७५ पासून त्यांचे २ डॉलर म्हणजे अमेरिकेचा १. पण भाव बोलताना कुठला डॉलर ते दर वेळी स्पष्ट करा, मी पहिल्याच मीटिंगमध्ये नाही केलं आणि हॉटेलची खरेदी बघणाऱ्या बाईंना वाटलं माल निम्म्या भावात मिळतोय, मग पुढची दहा मिनिटं नुसती सारवासारव. आणि आत शिरल्यावर आधी 'गुड मॉर्निंग', मगच काम. तसं नाही केलं तर उद्धट समजतात.

त्या बाईंनी सॅम्पल हातात घेतलं, जीएसएम (चौरस मीटरमागे कापडाचं वजन) विचारलं नाही की काही नाही, टेबलावरच्या ग्लासातलं पाणी सरळ टॉवेलवर ओतलं आणि बघत बसल्या किती वेळात शोषतंय. घरी एकदा धुऊन नेला होता म्हणून वाचलो, कोरा टॉवेल पाणी पटकन घेत नाही. तुम्हीपण धुतलेलाच न्या.

खरी अडचण पुढे आली. मी म्हटलं, कमीत कमी वीस फुटी कंटेनर. बाई हसल्या, म्हणाल्या एवढे टॉवेल आम्हाला तीन वर्षं पुरतील, ठेवू कुठे? अख्ख्या देशाची वस्ती तीन लाखांच्या आत, म्हणजे आपल्या सोलापूरच्या तिसऱ्या हिश्शाएवढीपण नाही. त्यांना पाहिजेत पन्नास-साठ कार्टन, तेही डिसेंबरचा सीझन सुरू व्हायच्या आधी, आणि जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस, त्यामुळे जहाज उशिरा येणार हे धरूनच तारीख द्या. ड्युटी मालाच्या किमतीवर भाड्या-विम्यासकट लागते, वर १७.५ टक्के व्हॅट, म्हणून थोड्या मालाला भाडं जास्त पडलं की टॅक्सपण वाढतो. एचएस कोड (कस्टम्समध्ये माल ओळखायचा नंबर) ६३०२ आधीच पक्का करून घ्या. सॅम्पलच्या पार्सलवर मी किंमत शून्य लिहिली होती, ते अडकलं, चूक माझीच.

तोडगा निघाला स्वान स्ट्रीटवर. तिथे सुरतकडच्या लोकांची जुनी दुकानं आहेत, आधीच्या पिढ्या दारोदार उधारीवर कापड विकायच्या. त्यातले एक चाचा मुंबईहून मसाल्याचा कंटेनर मागवतात, त्यात जागा शिल्लक राहते. आता आमचे कार्टन त्यातच जाणार, हिंगाचा वास लागू नये म्हणून डबल पॉलिथिनमध्ये.