दोघांना समोरासमोर उभं करू नका
आज दिवसभर शिक्षकांच्या कार्यशाळेत एकच प्रश्न फिरून फिरून येत होता: मुलं एकमेकांना त्रास देतात तेव्हा नेमकं करायचं काय?

बहुतेक शाळांत दोघांना बोलावून ‘हात मिळवा’ म्हणतात. साध्या भांडणात ते चालतं. पण एकाच मुलाला रोज चिडवलं जातं, ढकललं जातं, त्याचा डबा हिसकावला जातो, तेव्हा ते भांडण नसतं. सगळी ताकद एका बाजूला असते. असं मूल समोरासमोर “काही नाही सर” म्हणतं आणि शाळा सुटल्यावर त्रास देणाऱ्याचा मार खातं. म्हणून आधी त्रास सोसणाऱ्या मुलाशी एकांतात बोला, मग त्रास देणाऱ्याशी वेगळं. तारीख, जागा, वापरलेले शब्द, कोण बघत होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहा. आठवड्याने पुन्हा विचारा. नेमकं हेच राहून जातं.

जागाही बहुधा ठरलेल्या: स्वच्छतागृह, जिना, बसची मागची सीट. मधल्या सुट्टीत शिक्षक तिथे हवेत. आणि तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी टांगली तर चिठ्ठी टाकणार कोण?

शिक्षा म्हणून छडी मारायला तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, मानसिक छळालाही.

लैंगिक छळाची शंका आली तर शाळेत चौकशी करत बसू नका, मुलाला तेच तेच विचारू नका. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेच्या नावासाठी गप्प राहणं हा गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर वर्गात मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा.