तुम्ही विचारलंत म्हणून : तुमच्याकडे सांता येतो का?

मालवणात आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. निवास आणि न्याहारी. सगळ्यात जास्त गर्दी २५ डिसेंबर ते १ जानेवारी, म्हणजे नेमकी आमच्या सणाला. पुण्याची, कोल्हापूरची, ठाण्याची माणसं येतात, तारकर्लीला पाण्यात उतरून येतात, आणि सकाळी ओट्यावर घावणे खाताना त्यांची नजर दारातल्या ताऱ्याकडे जाते. मग कुणीतरी विचारतंच, "म्हणजे तुम्ही ख्रिश्चन? मग तुमच्याकडे सांता येतो का? मुलांना काय सांगता, तो खरा असतो म्हणून?"

तव्यावरचा घावणा करपेल या भीतीने मी दरवेळी अर्धंच उत्तर देते. आज सावकाश देते.

येत नाही. माझ्या लहानपणीही येत नव्हता. त्यात तत्त्वबित्त्व काही नाही. नवे कपडे बाबा आणायचे हे आम्हाला ठाऊक असायचं, कारण पावती आई मसाल्याच्या डब्याखाली ठेवायची. माप चुकलं तर बदलून आणायला. अशा घरात सांताला कामच उरत नाही.

मुलांना मी संत निकोलस सांगते. चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या मायरा गावचा बिशप. एका बापाकडे तीन मुलींच्या हुंड्याला पैसे नव्हते, तर याने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या, अशी त्याची कथा. त्याचा सण ६ डिसेंबरला असतो. तो खलाशांचाही संत, वादळात त्याचा धावा करतात. आमच्या घरात हेच सगळ्यात जास्त पटतं, कारण माझे दीर रापणीवर, म्हणजे समुद्रात मोठं जाळं टाकून मासे ओढायच्या कामावर, असतात. थोरली आठ वर्षांची आहे. तिने एकदा विचारलं, "हुंडा देणं वाईट ना? मग संताने पैसे कशाला दिले?" मी म्हटलं, भात उतू जातोय, आणि उठले.

चर्चमध्ये मुलांच्या कार्यक्रमाला मात्र सांता असतो. दोन वर्षांपूर्वी तो मान दिरांना मिळाला. अंगाने भरलेले, आवाज मोठा, आणि मुख्य म्हणजे त्या संध्याकाळी मोकळे. डिसेंबर असला तरी मालवणची हवा ती मालवणची हवा. मखमली डगला, आत पोटाला उशी, घामाने दाढी एका कानावरून सुटलेली. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि आदल्याच आठवड्यात शेजाऱ्यांबरोबर जत्रेत दशावतार बघून आला होता. घंटा वाजवत सांता मंडपात शिरला तसा हा माझ्या खांद्यावर चढला आणि जीव खाऊन ओरडला, "ममा, तांबडो संकासूर!"

मंडप हसून हसून आडवा. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते: संकासूर हा दशावतारातला वेद चोरणारा असुर, काळा वेश, तोंडावर काळा बुरखा. पण येतो तो पोरांची आणि गावाची चेष्टा करत, मालवणीत बोलत. तेव्हा माझ्या लेकाने ओळखण्यात फार चूक केली असं मला अजूनही वाटत नाही. थोरली रांगेत उभी राहून चॉकलेट घेऊन आली आणि माझ्या कानात म्हणाली, "काकांच्या हाताक जाळ्याचो वास येता." बाकी कुणाला तिने सांगितलं नाही. आपल्याला कुणी ओळखलं नाही, असं दिरांना आजही वाटतं.

सांता नाही तर मग मुलांना असतं काय, हा पुढचा प्रश्न. आमच्याकडे काडी असते.

नाताळच्या आधीच्या चार रविवारांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. चार मेणबत्त्यांचं कडं करायचं, दर रविवारी एक जास्त पेटवायची. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची. पहिल्या रविवारी मी माळ्यावरून एक गव्हाण काढते. सासऱ्यांनी फणसाच्या लाकडाची केलेली, वीतभर लांब, एक पाय किंचित तोकडा. रिकामी. शेजारी बिस्किटाच्या डब्यात भाताच्या पेंढ्यातल्या काड्या, बोटाएवढ्या कापलेल्या. कुणी न सांगता कुणासाठी काही चांगलं केलं, तर रात्री झोपताना एक काडी गव्हाणीत टाकायची. केलं काय ते कुणाला सांगायचं नाही. २४ तारखेच्या रात्री बाळ येशू येईल तेव्हा त्याला खाली मऊ लागलं पाहिजे, एवढंच. हे मी शोधलेलं नाही. पुष्कळ ख्रिस्ती घरांतून चालतं. मला शाळेतल्या एका सिस्टरने शिकवलं.

ऐकायला फार गोड वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी आमच्याकडे काड्यांवरून मारामारी झाली. थोरलीने एका दिवसात सतरा काड्या टाकल्या आणि वहीत हिशेब ठेवला. धाकट्याला वाटलं ही शर्यत आहे, म्हणून त्याने मूठभर कोंबल्या. मग तिने नियम काढला की खोटं बोललं किंवा कुणाला मारलं तर एक काडी परत काढायची. त्याने तिला मारलं, नियमाप्रमाणे एक काडी काढली, पण ती तिची होती असा तिचा दावा. रात्री साडेनऊला दोघंही गव्हाणीवर वाकून माझी कुठली, तुझी कुठली करत होती. सासूबाई जपमाळ हातात घेऊन बसल्या होत्या. मणी न सोडता म्हणाल्या, "काडयेक नाव नसता गे." वही त्या रात्री बंद झाली, नियम मात्र राहिला. सांगायचं नाही ही अट अजून कुणाला जमत नाही. "ममा, मी सांगत नाय हां, पण आजीची चप्पल कोणी उन्हात ठेवली माहीत आसा?"

गेल्या वर्षी एका सकाळी गव्हाणीत मला अर्धी काडी दिसली. दातांनी तोडलेली. धाकट्याला विचारलं तर म्हणाला, वाळलेले कपडे मी आत आणत होतो, पण अर्धेच आणले, मग मांजर दिसलं. बाकीचे कपडे संध्याकाळपर्यंत दोरीवरच होते.

गोठ्याचं, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्याचं, काम आठ तारखेला, मारियेच्या सणाला सुरू होतं. करवंट्यांत माती भरून नाचणी पेरायची. तीन-चार दिवसांत कोंब येतात आणि नाताळपर्यंत चार बोटं हिरवंगार कुरण उभं राहतं. एका वर्षी पोरांनी प्रेमाने इतकं पाणी घातलं की सगळी नाचणी कुजली आणि पुन्हा पेरावी लागली. त्या वर्षीचं बेथलेहेम जरा खुरटं होतं. डोंगर जांभ्याच्या तुकड्यांचे, रस्ता समुद्राच्या वाळूचा, छप्पर झापाचं. धाकट्याने होडीही ठेवली आहे, कारण मरिया आणि जोसेफ एवढ्या लांबून चालत कसे येतील? ती काढा म्हणून सांगायचं धाडस आमच्या फादरांनीही केलं नाही. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गोठा मांडला तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं, हे मी एकदा बोलून बसले. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची पाडी दाव्यासकट आमच्या ओट्याला.

बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे आमच्या गोठ्यात नसतात. त्यांचा सण ६ जानेवारीचा, म्हणून २५ तारखेला ते तांदळाच्या पिंपावरून निघतात आणि रोज थोडे थोडे सरकतात. फ्रिजवर एक मुक्काम असतो. एकाच्या उंटाला मान नाही.

आता खाणं. दोदोलबद्दल थोडक्यात: तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचा गूळ, आणि ढवळायला नवरा. कुलकुलांबद्दल मात्र सविस्तर, कारण ते मुलांचं काम. मैदा, थोडा रवा, अंडं, नारळाचा रस. पीठ घट्ट मळून बोराएवढ्या गोळ्या करायच्या, एकेक गोळी फणीच्या दातांवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि हलकेच गुंडाळत उचलायची. अंगठा जोरात पडला तर पीठ दातांत अडकतं, हलका पडला तर रेघ उमटत नाही. शिंपल्यासारखी वळी निघाली की जमलं. मग तळून साखरेच्या पाकात. आमच्याकडे यासाठी एक वेगळी फणी आहे. ती जुन्या चहाच्या डब्यात असते आणि डब्यावर सासऱ्यांच्या अक्षरात चिठ्ठी: "डोक्यास लावू नये". सासरे जाऊन सहा वर्षं झाली. चिठ्ठीवर मी दोनदा चिकटपट्टी बदलली आहे. धाकट्याच्या कुलकुलांवर रेघा नसतात, ती नुसती गोळ्यांसारखी फुगतात. ती आम्ही घरात खातो, ताटात जातात ती थोरलीची.

ताट म्हणजे शेजारी द्यायचं ताट. दिवाळीला शेजारच्या काकूंकडून फराळ येतो, नाताळला आमच्याकडून जातो, आणि जाताना त्यांचंच ताट, मागे त्यांचं नाव कोरलेलं. अडचण अशी की नाताळ बहुतेकदा मार्गशीर्षात किंवा त्याच्या आसपास पडतो आणि काकू मार्गशीर्ष पाळतात. म्हणून बिनअंड्याच्या कुलकुलांचा वेगळा घाणा असतो, वेगळ्या तेलात, आणि तो आधी तळायचा. २०२४ साली नाताळ बुधवारी आला, दुसऱ्या दिवशी २६ तारखेला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, आणि वर एकादशी. काकूंनी ताट घेतलं, फडक्याने झाकून देवघरापासून लांब ठेवलं, आणि शुक्रवारी सकाळी कुंपणावरून सांगितलं, "कुलकुला बरी होती, पण नेवऱ्यो मऊ पडल्यो." नेवऱ्यो म्हणजे करंज्या. दोन दिवस झाकून ठेवल्यावर दुसरं काय होणार!

चोवीसच्या रात्रीची मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, लांबते. पोरं चर्चमध्ये चादरीवर आडवी झालेली असतात. आगमनकाळात ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत, ते त्या रात्री परत येतं, सगळ्या घंटा एकदम वाजतात, आणि आडवी पोरं दचकून उठून बसतात. घरी येईपर्यंत दीड वाजतो. माझ्या कपाटात साड्यांच्या मध्ये लपवलेलं बाळ मी काढून देते. घरातल्या सगळ्यात धाकट्याने ते गव्हाणीत ठेवायचं. तो आधी काड्यांवर तळहात दाबून बघतो.

गेल्या वर्षी मागच्या खोलीत एक कुटुंब होतं, मुलगी पाच वर्षांची. तिने खिडकीच्या गजाला मोजा बांधला आणि मला विचारलं, "इथे सांताला रस्ता माहीत आहे ना?" मी म्हटलं, विचारत विचारत येईल. रात्री आम्ही मिसेला निघताना तिच्या आईने एक पुडकं माझ्या हातात दिलं. "पहाटे तुम्हीच ठेवाल का? आमच्या हालचालीने ती लगेच उठते."

पाच वाजता मी अनवाणी मागच्या अंगणात गेले. पुडकं मोज्यापेक्षा मोठं. निम्मं आत, निम्मं बाहेर, वरून दोरीने गजाला बांधलं. वळले तर दारात थोरली, हातात पाण्याचा तांब्या. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी तोंडावर बोट ठेवलं. ती काही बोलली नाही, माझ्यामागून आत आली.

सकाळी मागच्या खोलीतून किंकाळी आली, मग धावत येणारी पावलं. "काकू, आला होता! तुम्ही बघितलंत?"

"मी झोपले होते गं," मी म्हटलं.

थोरली गोठ्यापाशी बसली होती. बिस्किटाच्या डब्यातली एक काडी तिने उचलली, गव्हाणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ममा, ह्याची काडी घालूची काय काढूची?"

मी घावण्याचं पीठ ढवळायला घेतलं.