तुम्ही विचारलंत म्हणून: भांडण हरण्याचं नसतं

"कॉलेजच्या पोरांचा अमेरिकन फुटबॉल, आणि तुम्ही चाळिशीतली माणसं 'आधी नीट बोल' म्हणत आठवडाभर भांडता. एवढं काय आहे त्यात?" पुण्याहून कुणी आलं की हे विचारतंच.

मी ओहायो स्टेटची. कोलंबसला शिकले, इथेच राहिले. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, मिशिगनचा, ॲन आर्बरला असतो. 1897 पासून ही दोन विद्यापीठं एकमेकांशी खेळताहेत. आमच्या मराठी ग्रुपवर दोन्हीकडचे लोक आहेत.

30 नोव्हेंबर 2024 ला आम्ही घरच्या मैदानावर 13-10 हरलो. मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध त्यांचा झेंडा रोवायला घेतला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. त्यावर ग्रुपवर फारसं कुणी भांडलं नाही. भांडण पेटलं ते एका मुलाने आमच्यातल्या सत्तरीच्या काकांना "रडत बसा आता" लिहिलं तेव्हा. काका त्या मुलालाही 'अहो' म्हणतात. मी त्याला खडसावलं. लगेच उत्तर आलं, "सलग आठ वेळा जिंकत होतात तेव्हा तुम्ही काय लिहीत होतात?"

त्याचं बरोबर होतं, आणि मला ते लागलं.

चिडवणं आम्हाला हवंच असतं. सामन्याच्या आठवड्यात आमच्या कॅम्पसवरच्या पाट्यांवर प्रत्येक 'एम'वर लाल चिकटपट्टीची फुली पडते. मिशिगनचं नाव आम्ही उच्चारत नाही, 'ती वरची टीम' म्हणतो. ते आमच्या नावातलं 'स्टेट' गाळतात. माझी आजी आजोबांचं नाव कधी घ्यायची नाही, 'हे' म्हणायची. नाव न घेण्यातही समोरच्याचं वजन मान्य केलेलं असतं, हे मला इथे येऊन दुसऱ्यांदा कळलं.

2006 साली मी विद्यार्थिनी होते. दोन्ही संघ अपराजित, देशात पहिला आणि दुसरा. सामन्याच्या आदल्या दिवशी मिशिगनचे जुने प्रशिक्षक बो शेम्बेकलर गेले. एकेकाळी ते आमचे प्रशिक्षक वुडी हेज यांचे सहायक होते. पुढे 1969 ते 1978 अशी दहा वर्षं हे दोघे समोरासमोर उभे राहिले. 18 नोव्हेंबरला आमच्या स्टेडियममध्ये लाखावर माणसं होती, बहुतेक लाल कपड्यांतली. बो यांच्यासाठी सगळे स्तब्ध उभे राहिले. माझ्या शेजारच्या मुलाने गालावर 'मिशिगन'ला शिवी रंगवली होती. त्याने टोपी काढली आणि दुसऱ्या हाताने तो गाल झाकून धरला. नंतर आम्ही 42-39 जिंकलो आणि तोच मुलगा घसा फुटेपर्यंत ओरडत होता.

हे सगळं पाहिलेली मी, 2018 ला 62-39 जिंकल्यावर दादाला काय लिहिलं? "बासष्ट खाल्ले, बासष्ट! पचले का?" मावसोबा तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते आणि मला ते ठाऊक होतं. दादाचं उत्तर आलं, "हं." एकच अक्षर. माफी मागायला मला दोन दिवस लागले. माझा शब्द टीमवर नव्हता, त्या घटकेला हाताशी सापडलेल्या माणसावर होता. "रडत बसा"ही तसंच, म्हणून मी भांडते. पण आता मी आमच्या माणसांशीही भांडते, आणि जिंकलेल्या वर्षी जास्त.

2021 ला मिशिगनने ती आठ विजयांची रांग मोडली, 42-27. ॲन आर्बरला बर्फ पडत होतं. दादा मैदानात होता. त्याला काहीही लिहायचा हक्क होता, मी फोन हातात धरून वाट बघत होते. रात्री फोटो आला: बर्फाने पांढरी झालेली बाकं आणि त्याचा पिवळा मफलर. खाली लिहिलं होतं, "जेवलीस का?"