छा. ३६, मुं. १६

आमच्या गल्लीतल्या शिवणाऱ्या काकूंच्या वहीत गिऱ्हाइकांची नावं नसतात. 'टाकीजवळची', 'मास्तरीणबाई', 'पाटलाची लहानी' एवढ्यावर भागतं. पुढे मात्र सगळं काटेकोर: उं. १४, छा. ३६, शो. १४, मुं. १६, मो. ११. उंची, छाती, शोल्डर, मुंढा (बाहीचा खांद्याकडचा घेर), मोहरी (बाहीच्या टोकाचा घेर). 'अ.' असेल तर अस्तर लावायचं, 'क.' असेल तर कटोरी, म्हणजे छातीला वाटीसारखा काप. आणि एखादीच्या पुढे 'ढि.', म्हणजे ढिलं. हे टेपवर सापडत नाही. त्यासाठी ती बाई माप देताना श्वास रोखते की नाही, हे पाहावं लागतं.

भाचीने पुण्याहून विलायती कुडत्याचा पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा कागदी नमुना, फोनवर पाठवला. दारव्ह्याला झेरॉक्स काढून तो काकूंपुढे पसरला. त्यावर इंग्रजी आद्याक्षरं. एस.ए. म्हणजे शिलाईची माया, शिवणीसाठी सोडायचं जादा कापड, बहुतेक ५/८ इंच. आर.एस. कापडाची सुलट बाजू, डब्ल्यू.एस. उलट. सी.एफ. म्हणजे पुढची मधली रेघ, सी.बी. मागची. दोन्हीकडे टोक असलेला बाण कापडाच्या काठाला समांतर ठेवायचा. काकूंनी बाण पाहिला, हाताशी असलेला सुती तुकडा उभा ताणला, आडवा ताणला, मग तिरका. तिरका चांगलाच लांबला. "तं उभ्या धाग्याचा बाण हाय म्हना. उरेब पट्टी आमी काऊन तिरपी कापतो मंग?"

१८६३ साली अमेरिकेत बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या साइजचे कागदी पॅटर्न विकायला काढले. न पाहिलेल्या बाईचं झंपर शिवता यावं, ही सोय मोठीच. पण न पाहिलेल्या बाईसाठी सगळंच लिहून द्यावं लागतं, म्हणून ही अक्षरांची गर्दी.

पानाच्या कोपऱ्यात एक चौकोन होता, बाजू १ इंच. छपाई बरोबर आली का, ते यावर ताडायचं. काकूंनी टेप लावली, इंच भरेना. झेरॉक्सवाल्याच्या मशीनने पानात बसवायला सगळंच बारीक करून टाकलं होतं.

"कागदबी आटते काय व?" कापायच्या आधी कापड रात्रभर भिजत घालणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार!

शेवटी काकू पॅटर्नवरच्या मापांच्या तक्त्यावर अडल्या. अंगाची छाती ३६, तयार कुडत्याची ४०. मधल्या चार इंचांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे पाय, इथं 'ढि.' हाय." मग जरा थांबून, "पन सगळ्याईले सारखंच?"