बजेट हेडफोन + साउंड कार्ड : गेमिंग पीसीच्या आवाजाचं काम कुठवर आलंय

बरेच दिवस रेंगाळलेलं काम एकदाचं मार्गी लागलंय म्हणून सगळं एका जागी टाकतोय, कोणाला उपयोग झाला तर बरंच आहे. पीसी मधल्या रेंजचा, ऑडिओ मदरबोर्डावरचाच, आणि डोक्यावर एक जुना क्लोज्ड (कप मागून बंद असलेला) गेमिंग हेडसेट ज्याच्या कुशनचं रेक्झिन सोलून काळे पापुद्रे कानामागे चिकटायला लागले होते. खेळतो मुख्यतः शूटर, काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट, मधेच एखादा शांत स्टोरीवाला गेम. त्यामुळे गरज अगदी सरळ आहे, पावलं ऐकू यावीत, कुठल्या बाजूने येतायत ते कळावं, आणि दोन-तीन तास बसलं तरी कान उकडून निघू नयेत.

बजेट एकच आणि त्यात हेडफोन पण बसवायचे आणि कार्ड पण, त्यामुळे कोणाला किती वाटा द्यायचा हा खरा प्रश्न. माझं ठरलं होतं की आधी तक्रार कोणाची आहे ते शोधायचं, हेडफोनची की पीसीची, आणि मगच पाकिटाला हात लावायचा.

खरखर पकडणे

व्हॅलोरंटच्या लॉबीत फ्रेम रेटवरची मर्यादा काढली की हेडसेटमध्ये बारीक झिईई असा आवाज, मर्यादा लावली की गायब. माउस हलवला की वेगळीच किरकिर. तोच हेडसेट फोनला लावला तर एकदम शांत, म्हणजे हेडसेट निर्दोष. मग कॅबिनेट उघडून बघितलं तर पुढच्या जॅकची वायर बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातून निघून ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखालून जात होती. ती बारीक वायर म्हणजे अँटेनाच, शेजारी कार्ड शेकडो वॅट खेचतंय, अजून काय होणार. वायर कडेकडेने फिरवून घेतली, फरक पडला पण आवाज पूर्ण गेला नाही. मागच्या जॅकला लावलं तर जवळपास शांत.

एक फुकटातली गोष्ट सगळ्यांनी करून बघा, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माइकचं 'लिसन टू धिस डिव्हाइस' चालू आहे का ते तपासा आणि आउटपुटच्या लेव्हल्समध्ये लाइन-इन, माइक वगैरे दिसत असतील तर म्यूट करा. कित्येकांची 'बोर्डाची खरखर' म्हणजे म्यूट न केलेला माइकच असतो.

आता कोणी म्हणेल मागचा जॅक शांत आहे ना, मग विषय संपला. तिथेच तर गंमत आहे.

मागच्या जॅकचं मोजमाप

मागचा जॅक शांत होता पण त्यावर आवाज बारीक आणि बेस उगाच फुगलेला, गुबगुबीत. शंका आली आउटपुट इम्पीडन्सची, म्हणजे जॅकच्या आत किती अडथळा बसलाय त्याची. हे घरच्या घरी मोजता येतं, साधा मल्टिमीटर पुरतो. ६० हर्ट्झचा सलग टोन वाजवायचा (स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला एसी नीट दाखवत नाहीत म्हणून इतका खालचा), उघड्या जॅकवर व्होल्टेज बघायचं, मग तिथेच ३३ ओहमचा रेझिस्टर आडवा लावून परत बघायचं. माझ्याकडे उघड्यावर १ व्होल्ट आणि रेझिस्टर लावल्यावर साधारण ०.३०. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, त्यातून १ वजा करा, ३३ ने गुणा, उत्तर आलं ७७ ओहम! म्हणजे ३२ ओहमचे हेडफोन लावले तर निम्म्याहून जास्त व्होल्टेज जॅकच्या आतच खर्च, जवळपास १०-११ डीबीचा (डेसिबलचा) घाटा.

आणि नुसता घाटा असता तर आवाज वाढवून भागलं असतं. डायनॅमिक हेडफोनचा इम्पीडन्स सगळीकडे सारखा नसतो, बेसच्या आसपास बऱ्याचदा त्याला उंचवटा असतो, आणि आत एवढा अडथळा असला की त्या उंचवट्याच्या जागी आवाज जास्त पोचतो. तोच तो फुगलेला बेस. आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा असं जे सांगतात ते यासाठीच, ३२ ओहमला ४ च्या आत.

पुढचा जॅक मोजला तर तिथे अडथळा बराच कमी निघाला, बहुतेक हेडफोन अँप (हेडफोनला ताकद देणारा अँप्लिफायर) तिकडेच जोडलाय. म्हणजे ज्या जॅकमध्ये ताकद आहे तिथे खरखर, आणि जिथे शांतता आहे तिथे ताकद नाही. हे मोजल्यावर साउंड कार्ड हवं हे नक्की झालं, पण कसलं तेही कळलं, फक्त दोन अटी, ग्राफिक्स कार्डापासून लांब आणि आतला अडथळा कमी. बाकी बॉक्सवर काय छापलंय त्याच्याशी घेणंदेणं नाही.

कार्डाबद्दल जुन्या आठवणींवर जाऊ नका

जुने लोक अजून साउंड ब्लास्टरच घे म्हणतात त्यामागे कारण आहे. नव्वदीच्या शेवटी ऑरियलचं ए३डी होतं, मग क्रिएटिव्हचं ईएएक्स, कार्डावरची चिप खरोखर गेममधले आवाज आणि खोलीचा घुमारा मिसळून द्यायची. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि डायरेक्टसाउंडचा (गेमचा आवाज कार्डापर्यंत नेणारा विंडोजचा भाग) तो हार्डवेअरचा रस्ताच बंद झाला. तेव्हापासून हे सगळं काम प्रोसेसरवर होतं, गेमच्या इंजिनमध्ये, आणि आजच्या प्रोसेसरला ते किरकोळ आहे. कार्डाकडे उरलं फक्त डिजिटलचं अॅनालॉग करणं आणि हेडफोनला रेटा देणं. तेवढ्यासाठी आतलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड घेऊन परत त्याच ग्राफिक्स कार्डाच्या शेजारी बसवायचं हे मला पटत नाही. शिवाय सॉफ्टवेअरचा आधार संपला की हाल, असूसच्या झोनार कार्डांसाठी लोकांना युनी झोनार नावाचे घरगुती ड्रायव्हर वापरायची वेळ आली ते उगाच नाही.

३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ वगैरे आकडे तर सोडूनच द्या. १६ बिटमध्ये ९६ डीबीची रेंज मिळते, आपला कान २० किलोहर्ट्झच्या वर जात नाही, गेमचा आवाज सहसा ४८ किलोहर्ट्झला तयार होतो. विंडोजमध्ये २४ बिट ४८ ठेवा आणि विसरून जा.

हेडफोन

बजेटमधला मोठा वाटा इकडे. 'गेमिंग' लिहिलेलं नकोच असं काही नाही, पण लाइटिंग आणि यूएसबीवाल्या ७.१ सराउंडचे (चहूबाजूंनी आवाज येतोय असा भास) पैसे मला द्यायचे नव्हते. कान दोन, स्पीकर दोन, ७.१ म्हणजे शेवटी सॉफ्टवेअरची करामतच, आणि ती फुकट मिळते. गेमिंगमधलं चांगलं नाव म्हणजे हायपरएक्स क्लाउड, पण जाणकारांना माहितीय की त्याचा सांगाडा टाकस्टार प्रो ८० चा. टाकस्टारचाच प्रो ८२ क्लोज्ड प्रकारात माझ्या यादीत होता.

बाकी यादी अशी, कॉसचे केएससी७५, कानाला अडकवायचे, ६० ओहम, दिसायला खेळण्यातले पण आवाज मोकळा. ते स्वस्तातलं सर्वात कमी जोखमीचं उत्तर आहे असं माझं मत, कोणाला एकदम हात आखडता घ्यायचा असेल तर हेच. सुपरलक्स एचडी६८१, सेमी-ओपन, पैशाच्या मानाने तपशील भरपूर पण वरचा आवाज टोचतो, ईक्यू (इक्वलायझर, आवाजाचे पट्टे कमी-जास्त करायची सोय) लावायची तयारी असेल तरच. आणि फिलिप्स एसएचपी९५००, पूर्ण ओपन-बॅक (कप मागून उघडा), ५० एमएम ड्रायव्हर (आतला स्पीकर), ३२ ओहम, वायर काढता येते.

ओपन-बॅक घेताना एकच विचार करा, खोली शांत आहे का. पंखा, टीव्ही, घरातली बडबड सगळं आत येतं आणि तुमचा गेम बाहेर सगळ्यांना ऐकू जातो. गोंगाटात बसत असाल तर क्लोज्डच घ्या, पंख्याच्या घरघरीत पावलं बुडाली तर ओपनच्या मोकळेपणाचं काय लोणचं घालायचं? माझी खोली रात्री शांत असते, म्हणून एसएचपी९५००. कापडी कुशन, पकड अगदी हलकी, मान झटकली तर सरकतात पण कान गरम होत नाहीत. डाव्या कपावर साधा ३.५ एमएमचा जॅक आहे त्यामुळे व्ही-मोडाचा बूमप्रो माइक वायरच्या जागी थेट बसतो, हे निवडीमागचं मोठं कारण.

ताकदीचा हिशोब पण खरेदीआधी करून ठेवला होता. ३२ ओहम आणि मिलीवॅटला ९८ डीबी असे हेडफोन धरले तर १ व्होल्टला साधारण ३१ मिलीवॅट जातात, म्हणजे ११३ डीबीच्या आसपास, कान फोडायला पुरेसं. तेच २५० ओहम, ९६ डीबीवाल्याला १ व्होल्टमध्ये ४ मिलीवॅट, १०२ डीबी, तेही गेमला चालून जातं पण हात राखून काही उरत नाही. म्हणून कमी बजेटमध्ये ३२ ते ६० ओहमच्या घरात राहा, वेगळा अँप लागत नाही.

डोंगल

हिशोब १ व्होल्टवर सुटतोय म्हटल्यावर अॅपलचा यूएसबी-सी ते ३.५ एमएम अॅडॅप्टर घेतला. हसू नका, तो नखाएवढा तुकडा म्हणजे पूर्ण साउंड कार्ड आहे, आतला अडथळा १ ओहमच्या आसपास, विंडोजमध्ये वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मात्र युरोपसाठीचा वेगळा येतो, त्याचं आउटपुट निम्मं असतं, तो नको. मागच्या यूएसबी पोर्टला छोटी एक्स्टेन्शन वायर लावून टेबलावर आणलाय. फ्रेम रेट मोकळा सोडला, माउस गरागरा फिरवला, काही नाही, शांत. बेस पण जागेवर आला. बटणं आणि व्हॉल्यूमची गोल चकती हवी असेल तर क्रिएटिव्हचा साउंड ब्लास्टरएक्स जी६ हा पर्याय आहे, पण त्याला लागणारे जास्तीचे पैसे हेडफोनमध्ये घालावेत असं माझं स्पष्ट म्हणणं.

सेटिंग, इथे सगळ्यात जास्त वेळ गेला

मित्राला प्रॅक्टिस सर्व्हरवर घेतलं, तो माझ्याभोवती चालणार आणि मी डोळे मिटून माउसने त्याच्याकडे वळणार. डावं-उजवं पहिल्यापासून बरोबर. पुढे की मागे यात घोळ. हे साहजिक आहे, दोन्ही कानांत आवाज पोचण्यातला फरक जास्तीत जास्त ०.७ मिलीसेकंदाच्या आसपास असतो आणि नेमक्या समोरच्या आणि नेमक्या मागच्या आवाजाला तो फरक शून्यच, मेंदू मग कानाच्या पाळीमुळे बदललेल्या आवाजावरून ओळखतो. एचआरटीएफ म्हणजे त्या पाळीची नक्कल. व्हॅलोरंटमध्ये २०२१ पासून ती सेटिंग आहे, चालू करा. पण मग विंडोज सॉनिक, डॉल्बी, हेडसेटचं ७.१ सगळं बंद हवं, नाहीतर नकलेवर नक्कल चढते आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. सगळं बंद करून फक्त गेमचं ठेवल्यावर मित्राच्या मागच्या फेऱ्या बऱ्याच पकडल्या. उरलेल्या वेळी माउस थोडा इकडेतिकडे फिरवायचा, आवाज कुठल्या कानाकडे सरकतो त्यावरून पुढे-मागे लगेच उलगडतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये ईक्यू 'क्रिस्प' ठेवलाय, लेफ्ट-राइट आयसोलेशन फार वर नेलं की बाजू ठळक होते पण तिरक्या दिशा हरवतात.

ईक्यूसाठी इक्वलायझर एपीओ आणि तो सोप्या खिडकीतून चालवायला पीस नावाचं सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. एसएचपी९५०० खाली सुकतो म्हणून १०५ हर्ट्झखाली ५ डीबी उचललंय, आणि तेवढाच प्रीअँप (एकूण आवाजाची पातळी) उणे ५ केलाय, हे विसरलात तर स्फोटाच्या वेळी आवाज फाटतो. पावलांसाठी २ ते ४ किलोहर्ट्झ भरमसाट वाढवणारे प्रीसेट फिरत असतात, ते लावले की पावलांबरोबर गोळ्या पण कानात घुसतात, अर्ध्या तासात डोकं धरतं. लाउडनेस इक्वलायझेशन पण मी बंद ठेवतो, लांबचं पाऊल आणि जवळचं पाऊल एकाच पातळीला आलं तर अंतर कळणार कशावरून? बरेच जण शपथेवर चालू ठेवतात, त्यांचं त्यांच्यापाशी. आणि हो, ड्रायव्हर अपडेट झाला की एपीओ कधीकधी गुपचूप सुटतो, परत डिव्हाइस निवडून रीस्टार्ट करावा लागतो.

राहिलेलं

बूमप्रो आलाय, चार भागांचा जॅक आहे (आवाज आणि माइक एकाच पिनमध्ये) त्यामुळे डोंगलमध्ये थेट चालतो, स्प्लिटर लागला नाही. पार्टीतल्या लोकांच्या मते आवाज आधीपेक्षा स्वच्छ, फक्त कीबोर्डची टकटक पण त्यांना ऐकू जाते. डिस्कॉर्डचं नॉइज सप्रेशन लावलं तर टकटक जाते पण मी हळू बोललो की शब्दांची शेपटं पण कापली जातात. सध्या माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला आणि गेन खाली असं चालू आहे. कोणी मेकॅनिकल कीबोर्डबरोबर बूमप्रो वापरत असेल तर डिस्कॉर्डमधली इनपुट सेन्सिटिव्हिटी हाताने किती ठेवलीय ते सांगा, ऑटोवर माझं पहिलं अक्षर नेहमी गिळलं जातं.